मोटारहोमच्या छताची सुटलेली पट्टी कशी बसवावी

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या खालच्या आणि वरच्या द्वीपकल्पाला जोडणारा मॅकिनॉ पूल पाच मैलांचा आहे. १९५७ साली तो वाहतुकीला खुला झाला. त्याच्या आतल्या लेनला डांबर नाही, लोखंडी जाळी आहे, वारा आरपार जावा म्हणून. त्या जाळीवर गाडी आली की चाकं घूं घूं करायला लागतात आणि अख्खी गाडी बारीक थरथरते. तीन वर्षांपूर्वी जुलैत मी आमचं चोवीस फुटी मोटारहोम, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी, त्या लेनमधून चालवत होते. नवरा शेजारी, सासूबाई मागे जेवणाच्या टेबलाशी पट्टा बांधून बसलेल्या. पुलाच्या मध्यावर त्यांचा आवाज आला, "अगं, छताची पट्टी सुटली. हातभर खाली आलीय."

"आई, पट्टा काढू नका, उठू नका."

"बसल्या जागी हात पोचतोय माझा. पूल संपेपर्यंत धरून बसते."

आणि खरंच त्या धरून बसल्या. पलीकडे सेंट इग्नेसला गाडी उभी केली तेव्हा त्यांचा हात आखडला होता. मोटारहोम किंवा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं घर, असलेल्या प्रत्येकाला ही पट्टी कधी ना कधी भेटते. म्हणून ती नीट, कायमची कशी बसवायची ते सविस्तर लिहितेय. माझे वडील, अण्णा, वाईला सुतारकाम करायचे. त्यांच्या हाताखाली जे पाहिलं त्यातलं बरंच या अमेरिकन छताला लागू पडलं.

वाटेत पट्टी सुटली तर तिथे दुरुस्ती करायला जाऊ नका. रंगारी वापरतात ती निळी कागदी चिकटपट्टी आडवी लावून ती वर धरून ठेवा, म्हणजे घरापर्यंत निभावतं. चंदेरी डक्ट टेप मात्र लावू नका. त्याचा गोंद उन्हात मऊ पडतो आणि तो काढताना छताचा छापील कागद सोबत घेऊन येतो. मग पट्टी बसते, पण शेजारी पांढरा पोपडा राहतो तो राहतोच.

आता छत कशाचं असतं ते समजून घेऊ. अमेरिकेतली बहुतांश मोटारहोम आणि ट्रेलर मिशिगनच्या सीमेला लागून असलेल्या इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बनतात, आणि आतली बांधणी बरीचशी एका धाटणीची असते. आमच्यासारख्या लाकडी छताच्या गाडीत आपल्याकडच्या घरासारखे वासे असतात. फक्त हे वासे बारीक, आणि गाडीच्या रुंदीला आडवे टाकलेले. दोन वाशांमध्ये साधारण सोळा इंच अंतर, त्यात काचेच्या लोकरीचा थर. वाशांच्या वर प्लाय आणि त्यावर रबराची चादर. खालून, म्हणजे आपल्याला दिसतो त्या बाजूने, लुआन नावाच्या हलक्या लाकडाचा तीन मिलिमीटरचा प्लाय, ज्यावर व्हिनाइलचा छापील कागद चिकटवलेला असतो. हे तक्ते चार फुटी. दोन तक्ते जिथे मिळतात तो सांधा झाकायला पट्टी मारतात. आपले सुतार तिला बीडिंग म्हणतील. भिंत आणि छत मिळतं त्या कोपऱ्यात बहुधा पीव्हीसीची, आणि मधल्या सांध्यांवर कागद गुंडाळलेल्या लाकडाची किंवा एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची.

कारखान्यात ही पट्टी हवेच्या बंदुकीने बारीक स्टेपल पिना मारून बसवतात. पिन वाशात घुसली तर वर्षानुवर्षं धरते. वासा चुकला तर ती फक्त तीन मिलिमीटर प्लायमध्ये लटकलेली असते. आमच्या सुटलेल्या पट्टीत मी पिना मोजल्या. अकरा होत्या. वाशात गेलेल्या चार. बाकीच्या सात नुसत्या प्लायमध्ये. त्या चार पिनांच्या भरवशावर ती पट्टी इतकी वर्षं खड्डे खात फिरली होती.

आधी ओल, मग पट्टी

सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि नेमकं हेच लोक सोडतात. पट्टी थरथरीने सुटते, थंडी-उन्हाने सुटते, आणि छत गळत असेल तरीही सुटते. गळणाऱ्या छताला पट्टी मारणं म्हणजे जखमेला पावडर लावणं. सहा महिन्यांत प्लाय कुजतो आणि मग पट्टीचं काम राहत नाही, छताचं होतं.

सुटलेल्या पिना फेकू नका. मी त्या टेबलावर पट्टीतल्या क्रमाने मांडल्या. पहिल्या आठ चकचकीत होत्या, जणू कालच मारलेल्या. नवव्या पिनेचे पाय तांबूस. दहाव्या आणि अकराव्या पिनेचे पाय काळे पडलेले, आणि टोकाशी लाकडाचा ओलसर भुसा चिकटलेला. पट्टीचं ते टोक छतातल्या हवेच्या झरोक्याच्या बाजूला होतं. वर चढून पाहिलं, तर झरोक्याच्या चौकटीभोवतीच्या लेपाला केसासारखी चीर गेलेली. आत डाग नव्हता, वास नव्हता, टिपकणं नव्हतं. फक्त तीन पिनांना कळलं होतं.

तेव्हा पट्टी सुटली की पिनांचे पाय बघा. मग अंगठ्याने प्लाय दाबा. लिबलिबीत लागला तर ओल आहे. दोन सुयांचं ओल मोजायचं यंत्र स्वस्त मिळतं. पट्टीखाली झाकल्या जाणाऱ्या जागीच त्याच्या सुया टोचा, म्हणजे भोकं दिसणार नाहीत. पंधरा टक्क्यांच्या वर आकडा आला तर शंका घ्या, विसाच्या वर गेला तर पाणी येतंय असं धरून चाला. झरोके, एसीची चौकट, अँटेना, आणि आमच्यासारख्या गाडीत ड्रायव्हरच्या डोक्यावरचा झोपायचा माळा, ही गळतीची नेहमीची ठिकाणं. माळ्याच्या कपाळावर पाच पिवळे दिवे असतात. त्यांच्या बुडाशी लेप सुकला की पाणी थेट गादीखाली उतरतं.

रबरी छतावर त्याच जातीचा, आपोआप पसरून सपाट होणारा लेप वापरा. सिलिकॉन नको. ते रबरावर धड टिकत नाही, आणि एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागी पुढे दुसरं काहीच चिकटत नाही. लेप लावल्यावर मी पंखा आणि ओल शोषणारं यंत्र लावून दोन आठवडे थांबले. आकडा बारावर आला तेव्हाच पट्टी हातात घेतली.

वासा शोधणं

पण छताला हात लावण्याआधी वीज बंद करा. बाहेरची १२० व्होल्टची वायर काढा, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद, बॅटरीची ऋण तार सोडवा. सोलर असेल तर त्याचीही जोडणी सोडवा. दिव्यांच्या १२ व्होल्टच्या तारा याच पोकळीतून, कधी थेट पट्टीच्या मागून गेलेल्या असतात. त्या तारेत स्क्रू गेला तर आग लागू शकते.

अण्णा जुन्या वाड्याच्या तक्तपोशीवर बोटाची पेरं टकटक करत जायचे. पोकळ आवाज भरीव झाला की खडूने खूण. मीही तेच करते, पण सोबत एक ताकदवान छोटा चुंबक घेते. कागदाखाली प्लाय वाशाला पिनांनीच मारलेला असतो. चुंबक छतावर सरकवत न्या. जिथे तो चिकटून राहील तिथे पिन, आणि तशा दोन-तीन पिना एका रेषेत सापडल्या की तो वासा. खूण निळ्या चिकटपट्टीच्या तुकड्यावर करा. व्हिनाइलवर बॉलपेनने कधीच नाही. ती शाई कागदात मुरते आणि पुसली तरी पुन्हा वर येते.

वासा किती जाड आहे हेही पाहून घ्या. त्यासाठी छत फोडायला लागत नाही. हवेचा झरोका चौदा इंच बाय चौदा इंचाचा असतो, आणि त्याच्या आतली प्लास्टिकची चौकट थोड्या स्क्रूंवर असते. ती काढली की छताचा काप समोर दिसतो: प्लाय, लाकूड, लोकर, वरचा प्लाय. मोजपट्टी धरून आमच्या गाडीत खालचं लाकूड अडतीस मिलिमीटर भरलं. तुमच्यात कमी असू शकेल. म्हणून मोजा. स्क्रूचं टोक वरच्या रबरापर्यंत पोचलं तर गळती तुमच्याच हाताने झाली.

कापात लाकडाऐवजी पांढरा फोम आणि ॲल्युमिनियमची चौकोनी नळी दिसली, तर तुमचं छत दाबून चिकटवलेल्या जातीचं आहे. तिथे चुंबक काम करणार नाही आणि स्क्रूचा मोह टाळावा. अशा छताला पुढे सांगते ती दुहेरी टेप बरी.

पट्टी उतरवणं आणि साफ करणं

अर्धी सुटलेली पट्टी ओढून काढू नका, ती वाकते आणि तिचा कागद दुमडीवर पांढरा पडतो. पुट्टी लावायचा प्लास्टिकचा पत्रा पिनेच्या अगदी शेजारी सरकवा आणि थोडा थोडा उचला. डोळ्यांवर चष्मा हवाच. वर बघून काम करताना पिन सुटली तर ती सरळ डोळ्याकडे येते. पट्टीतून आरपार आलेल्या पिना मागच्या बाजूने पकडीने ओढा. पुढून ठोकून काढल्या तर भोक मोठं होतं.

मागचा जुना गोंद खरवडा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने दोन्ही बाजू पुसा. ॲसिटोन घेऊ नका, त्याने व्हिनाइल आणि पीव्हीसी दोन्ही मऊ पडून खराब होतात.

वाशातली जुनी भोकं सैल झाली असतील तर अण्णांची युक्ती करा. जळून उरलेली उदबत्तीची काडी घ्या. ती बांबूची असते. लाकडाच्या गोंदात बुडवून भोकात घट्ट बसेल इतकी ठोका, पृष्ठभागाशी सपाट कापा, रात्रभर सुकू द्या. दुसऱ्या दिवशी त्यात नवीन भोक पाडलं की स्क्रू करकचून बसतो. आमच्या देवघरात या काड्यांची जुडी साठलेली होती, ती अख्खी कामी आली.

गोंद काय करतो आणि काय करत नाही

बहुतेक जण विचारतात, कुठला गोंद? मी उलट विचारते, तो गोंद कशाला चिकटणार आहे? छताच्या बाजूला त्याला फक्त व्हिनाइलचा पातळ कागद मिळतो. गोंद कितीही जोरदार असला तरी ताण आला की कागदच प्लायपासून सुटतो. माझ्या मते पट्टीला धरणारा स्क्रू आणि वासा, गोंद फक्त खडखड थांबवणारा. हे डोक्यात ठेवलं की अर्ध्या चुका टळतात.

पांढरा गोंद, आपलं फेविकॉल, व्हिनाइलवर धरत नाही. त्याला दोन्ही बाजूंना लाकूड लागतं. गरम करून लावायचा गोंद उन्हात उभ्या गाडीत मऊ पडतो. लाकडी पट्टीसाठी मी पॉलियुरेथेनचा बांधकामाचा गोंद वापरते, नागमोडी बारीक रेघ, जाडी तीन-चार मिलिमीटर, आणि कडेपासून बोटभर आत. तो सुकताना थोडा फुगतो, म्हणून जास्त लावला तर पट्टी खाली ढकलतो आणि कडेने बाहेर येतो. पीव्हीसीच्या हलक्या पट्टीला थ्रीएमचा व्हीएचबी हा दुहेरी टेप चांगला. त्यासाठी जागा कोरडी आणि खोलीइतकी उबदार हवी, आणि जोरात दाबायला हवं. पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात. तोवर गाडी हलवू नका.

बसवणं

स्क्रूची लांबी अशी काढा. आमची लाकडी पट्टी सहा मिलिमीटर, प्लाय तीन, झाले नऊ. पंचवीस मिलिमीटरचा स्क्रू घेतला की वाशात सोळा मिलिमीटर जातो. पुरे. पट्टीत स्क्रूपेक्षा किंचित मोठं भोक पाडा, वाशात दोन मिलिमीटरचं. पट्टीतलं भोक घट्ट असेल तर स्क्रू पट्टीतच धरून बसतो आणि ती छताकडे ओढली जात नाही. ड्रिलच्या पात्याला पंचवीस मिलिमीटरवर चिकटपट्टीचा झेंडा लावा, म्हणजे खोल जाणार नाही.

आता टेकू. छतावर लांब पट्टी एकट्याने धरून स्क्रू मारता येत नाही, आणि गोंद सुकेपर्यंतही ती कशानेतरी धरून ठेवायला हवीच. एक-बाय-दोन इंची लाकडाचे इंग्रजी टी अक्षरासारखे दोन टेकू बनवा. उंची जमिनीपासून छतापर्यंतच्या मापापेक्षा एक सेंटीमीटर कमी. वरच्या आडव्या दांड्याला जुन्या टॉवेलची घडी बांधा, खाली पाचर सरकवून हळू हळू ताण द्या. टेकू नेहमी वाशाखाली. दोन वाशांच्या मध्ये लावला तर प्लाय वर फुगतो आणि टेकू काढल्यावर पट्टीला घेऊन खाली येतो.

नवरा एका टोकाला, मी दुसऱ्या. आधी मधला स्क्रू, मग मधून टोकांकडे. टोकांपासून सुरुवात केली तर मध्ये पोट राहतं. शेवटचे दोन फेरे मशीनने नको, हाताने फिरवा. स्क्रूचं डोकं पट्टीला टेकलं की थांबायचं. एमडीएफमध्ये अर्धा फेरा जास्त झाला की भुसा होतो आणि पकड जाते. डोक्यांवर त्याच रंगाच्या प्लास्टिकच्या टोप्या बसतात.

पीव्हीसीच्या कोपऱ्याच्या पट्टीची गोष्ट वेगळी. ती उन्हात लांबते, थंडीत आखडते. मिशिगनमध्ये उभ्या गाडीच्या आत हिवाळ्यात शून्याखाली वीस अंश आणि उन्हाळ्यात पन्नास अंश, असा सत्तर अंशांचा हिशेब धरला, तर आठ फुटी पट्टीच्या लांबीत सुमारे एक सेंटीमीटरचा फरक पडतो. तिला दोन्ही टोकांना घट्ट जखडलं की ती उन्हाळ्यात धनुष्यासारखी वाकते आणि पिना उपटून काढते. आमच्या दुसऱ्या पट्टीचं हेच झालं होतं. म्हणून मधलं एक भोक गोल आणि घट्ट. बाकीची लांबट, पट्टीच्या दिशेने, आणि त्यातले स्क्रू किंचित सैल. गाडीच्या आत साधारण वीस अंश असताना काम करा, आणि दोन्ही टोकांना तीन-तीन मिलिमीटर फट सोडा. टोकावर कोपऱ्याची टोपी येते, फट झाकली जाते. थंडीत पीव्हीसी कापू नका, काचेसारखं तडकतं. गाडीला बाजूने बाहेर सरकणारी खोली असेल तर तिच्या वरची पट्टी बसवल्यावर खोली अगदी हळू आत घ्या आणि कोणालातरी पट्टीकडे बघत उभं करा. स्क्रूचं एक डोकं पुढे आलं तरी खोलीचं रबर फाटतं.

टेकू चोवीस तास ठेवा. एवढ्या सगळ्याला मला चाळीस डॉलरच्या आसपास सामान लागलं. दुरुस्तीच्या एका दुकानाने दोन महिन्यांनंतरची तारीख दिली होती.

पहिल्या शंभर मैलांनंतर प्रत्येक टोपीखालच्या स्क्रूला हात लावून बघा. एखादा सैल झाला असेल तर तो वाशाच्या कडेला लागलाय. तो काढा, काडी ठोका, आणि बोटभर बाजूला नवीन घाला. त्यानंतर जानेवारीत, गाडी बंद करून ठेवलेली असताना, एकदा आत जाऊन कोपऱ्याची टोपी काढा आणि फट मोजा. आमची साडेपाच मिलिमीटर भरली. जुलैत त्याच जागी दीड होती. सासूबाई यंदा पुन्हा आल्या तेव्हा टेबलाशी बसल्या बसल्या त्यांनी आधी हात वर करून पट्टी चाचपून पाहिली, मग पट्टा बांधला.